वार ठाऊक आहे, तारीख नाही

बचत गटाचे फॉर्म भरून देण्याचं काम माझ्याकडे असतं. परवा एका मावशींना विचारलं, "जन्मतारीख?" त्या हसल्या. "तारीख कुठनं ठावं असणार ताई? पर बुधवार व्हता. आई सांगायची, बाजाराचा दिवस व्हता म्हणून." कार्डावर मात्र १ जानेवारी छापलेलं. गटातल्या शाळा पाहिलेल्या निम्म्या जणींची जन्मतारीख १ जून, मास्तरांच्या कृपेने! मावशींचा बुधवार लिहायला फॉर्ममध्ये जागाच नव्हती.

आणि मला एकदम घाना देश आठवला.

त्याचं असं झालं, मी बी.ए. करत होते तेव्हा संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस म्हणून कोफी अन्नान यांचं नाव पेपरात रोज यायचं. आम्ही हॉस्टेलच्या पोरी खूप हसायचो. कॉफीही झाली, अन्नही झालं! पुढे कधीतरी त्या नावाचा अर्थ वाचला आणि हसल्याची लाज वाटली. कोफी म्हणजे शुक्रवारी जन्मलेला मुलगा. ८ एप्रिल १९३८ हा त्यांचा जन्मदिवस, खरोखरच शुक्रवार. त्यांच्या मधल्या नावाचा, अट्टाचा, अर्थ जुळ्यांपैकी एक. अन्नान म्हणजे चौथं अपत्य. त्यांच्या जुळ्या बहिणीचं नाव एफुआ, म्हणजे शुक्रवारचीच मुलगी. नावातच सगळी कुंडली!

पश्चिम आफ्रिकेत घाना आणि शेजारच्या आयव्हरी कोस्टमध्ये अकान लोक राहतात. त्यांच्यात मूल ज्या वारी जन्मतं, त्या वाराचं नाव त्याला आपोआप मिळतं. रविवारचा मुलगा क्वासी, मुलगी अकोसुआ. सोमवारचा क्वाजो, मुलगी अजोआ. मंगळवारी क्वाबेना आणि आबेना, बुधवारी क्वाकू आणि आकुआ, गुरुवारी याव आणि याआ, शुक्रवारी कोफी आणि आफुआ, शनिवारी क्वामे आणि आमा. गावागणिक उच्चार थोडे बदलतात. या नावाला ते 'क्रादिन' म्हणतात, म्हणजे आत्म्याचं नाव. जीव ज्या वारी आला, त्या वाराची खूण.

बारसं आठव्या दिवशी. तोपर्यंत बाळ पाहुणं, राहील की परत जाईल सांगता येत नाही, असं मानायची रीत. आठव्या दिवशी पहाटे त्याला घराबाहेर आणतात. वडील आपल्या घराण्यातल्या एखाद्या मानाच्या माणसाचं दुसरं नाव ठेवतात. मग बाळाच्या जिभेवर पाण्याचा थेंब आणि दारूचा थेंब लावतात. पाण्याला पाणी म्हण आणि दारूला दारू, म्हणजे आयुष्यभर खरं बोल! गंमत अशी, की नाव ठेवण्याचा मान बापाचा, पण कूळ आणि वारसा चालतो आईकडून.

घानाचे पहिले पंतप्रधान क्वामे एन्क्रुमा यांची गोष्ट तर थेट आमच्या मावशींची. त्यांची जन्मतारीख बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याने अंदाजाने लिहिली, २१ सप्टेंबर १९०९. आयुष्यभर कागदोपत्री तीच चालली. पण आपण सप्टेंबरच्या मध्यात, शनिवारी, भर दुपारी जन्मलो एवढंच पक्कं, असं त्यांनीच आत्मचरित्रात लिहिलंय. आणि २१ सप्टेंबर १९०९ ला होता मंगळवार! कागद चुकला, आईचा वार टिकला.

असं नाव सहजासहजी पुसत नाही. गुलाम म्हणून जमैकाला नेलेल्या अकान लोकांनी ही नावं तिकडेही जपली. तिथल्या डोंगरांत इंग्रजांशी लढून १७३९ साली त्यांना तह करायला लावणारा पुढारी कजो, म्हणजे आपला सोमवारचा क्वाजोच. आणि १९०० साली इंग्रजांविरुद्ध अशांती लोकांच्या लढ्याचं नेतृत्व करणारी राजमाता याआ असांतेवा, नावाप्रमाणे गुरुवारची.

पण मैत्रिणींनो, सगळंच गोड नाही. सोमवारचा शांत, बुधवारचा तापट असा तिथे समज. गुस्ताव जाहोदा या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली कुमासी शहरातल्या बालन्यायालयाच्या नोंदींवरून एक टिपण लिहिलं. त्यात बुधवारची मुलं प्रमाणापेक्षा जास्त निघाली, सोमवारची कमी. वाराने मूल बिघडत नसतं. पण लहानपणापासून "हा बुधवारचा, भांडणारच" असं ऐकत वाढलं, तर ते तसं होऊ शकतं, असा त्यावरून विचार पुढे आला.

हे वाचून माझ्या डोळ्यांपुढे "मूळ नक्षत्रावरची", "पांढऱ्या पायाची" ऐकून मान खाली घालून बसणाऱ्या आपल्या मुली आल्या. अकान घरांत मुलं जगत नसली, तर पुढच्याला 'सुमिना', म्हणजे उकिरडा, असं नाव ठेवायचे. मृत्यूने त्याच्याकडे ढुंकूनही बघू नये म्हणून. आपल्याकडेही केरू, धोंडू, दगडू याच मायेतून आले. पण 'नकुशा' कुठल्या मायेतून आलं? ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींची नावं समारंभाने बदलली. मनात येतं, मुलगा असो की मुलगी, वाराने दोघांनाही दारातच नाव दिलं असतं, तर 'नको' म्हणायला कुणाला सवड मिळाली असती?

आपल्याही आदिवासी पाड्यांवर सोम्या, मंगळ्या, बुधी अशी नावं आहेत. आपण शहाणी माणसं त्यांना हसतो. मी कॉफीला हसले होते, तसंच.

माझं माहेरचं नाव लग्नात ताटातल्या तांदळावर पुसलं गेलं. तेव्हा छान वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? पण परवा घरी येऊन जुनं कॅलेंडर शोधलं आणि माझा वार काढला. गुरुवार. म्हणजे मी याआ. हे नाव मात्र कुणाला बदलता येणार नाही.

मावशींना दुसऱ्या दिवशी सांगितलं, "तुम्ही आकुआ." त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं. म्हणाल्या, "फारमात नसंल, पर वहीत लिवून ठिवा."

लिहून ठेवलंय.