फोटो एडिटिंगसाठी लॅपटॉप घेताय? प्रोसेसरच्या आधी स्क्रीन बघा

मावसभावाच्या लग्नाचे फोटो मी हौसेने एडिट करून दिले होते. माझ्या लॅपटॉपवर वहिनीचा लाल शालू फिका दिसत होता, म्हणून रंग थोडा चढवला. अल्बम छापून आला तेव्हा शालूच्या जागी नुसता लाल डाग! चुण्या नाहीत, जर नाही. चेहरे शेंदूर फासल्यासारखे. सगळ्यांनी प्रिंटिंगवाल्याला दोष दिला. पण घोळ माझ्या लॅपटॉपचा होता आणि तो मी ग्राफिक्स कार्ड बघून घेतला होता. (मावशी अजून म्हणते, ‘इंजिनीअर ना तू?’)

असे का होते?

फोटोंसाठी सर्वाधिक वापरले जाणारे रंगांचे माप म्हणजे एसआरजीबी. एचपी आणि मायक्रोसॉफ्टने ते १९९६मध्ये मांडले. फोटो लॅबही बहुतेकदा याच मापातली जेपीजी फाइल मागतात. स्वस्त लॅपटॉपच्या, अगदी अनेक गेमिंग लॅपटॉपच्याही माहितीत मात्र ‘४५ टक्के एनटीएससी’ असे लिहिलेले असते. एनटीएससी हे अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीचे १९५३चे माप. त्याचे ४५ टक्के म्हणजे एसआरजीबीचे जेमतेम ६२ ते ६५ टक्के. उरलेले गडद रंग ही स्क्रीन दाखवूच शकत नाही. रंग फाइलमध्ये असतो, आपल्याला दिसत नाही, आपण तो वाढवतो आणि तो छपाईत किंवा चांगल्या मोबाइलवर भडक होऊन समोर येतो.

मग काय बघायचे?

‘१०० टक्के एसआरजीबी’ किंवा ‘७२ टक्के एनटीएससी’, दोन्हींचा अर्थ जवळपास एकच. सोबत आयपीएस पॅनल आणि किमान ३०० निट्स ब्राइटनेस. ओएलईडी स्क्रीन सुंदर दिसते, पण तिचे रंग मुळातच चढे असतात. सेटिंगमध्ये एसआरजीबी मोड आहे का, ते विचारा. जाहिरातीत फक्त ‘फुल एचडी, १४४ हर्ट्झ’ असेल आणि रंगांबद्दल अवाक्षर नसेल, तर बहुधा सांगण्यासारखे काही नाही असे समजा.

रॅम १६ जीबी हवी. हल्ली अनेक पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डावरच जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. स्टोरेजचा हिशेब सोपा आहे. एक रॉ फाइल २५ ते ३० एमबीची, लग्नाचे २,००० फोटो म्हणजे ५० ते ६० जीबी. ५१२ जीबी एसएसडी आणि एक बाहेरची हार्ड डिस्क पुरते. ग्राफिक्स कार्डाचा उपयोग एआयने नॉइज काढताना जाणवतो. एरवी फोटोंसाठी त्यावर फार पैसे घालवू नका.

दुकानात कसे तपासायचे?

आधी छापून आणलेला एक फोटो आणि त्याचीच फाइल पेनड्राइव्हवर घेऊन जा. फोटोत लाल कापड आणि माणसाचा चेहरा हवाच. लॅपटॉपचा ‘नाइट लाइट’ आणि ‘व्हिव्हिड’ मोड बंद करायला सांगा. मग दोन्ही शेजारी धरून बघा. दुकानदार थोडा वैतागेल, वैतागू द्या.

लॅपटॉप आधीच घेतलाय?

तो बदलायची गरज नाही. पूर्ण एसआरजीबी दाखवणारा आयपीएस मॉनिटर नव्या लॅपटॉपपेक्षा कितीतरी स्वस्तात मिळतो. एचडीएमआय केबल लावायची आणि रंगांचे काम त्या स्क्रीनवर करायचे. माझा जुना लॅपटॉप सध्या असाच चालू आहे. वहिनीच्या अल्बमची पानेही त्याच मॉनिटरवर पुन्हा एडिट करून छापायला दिली आहेत.