थ्री नॉट थ्रीच्या अंगावरचे शिक्के

बोल्टची मूठ जिथे खाली येऊन टेकते, तिथेच दस्त्याला घट्ट धरून ठेवणारं एक पोलादी कडं असतं. त्याच्या उजव्या अंगावर भिंग धरलं की आधी मुकुट दिसतो. मुकुटाखाली ‘जी. आर.’, म्हणजे राजा पंचम जॉर्ज. मग ‘एनफिल्ड’, त्याखाली १९१६ हे साल आणि शेवटी ‘एसएचटी. एल. ई.’ (शॉर्ट ली-एनफिल्ड) व रोमन तीनच्या पुढे एक चांदणी. काडेपेटीएवढ्या जागेत बंदुकीचं गाव, जन्मसाल, राजा आणि वाण, सगळं सांगून होतं. जुन्या लष्करी बंदुकांचा जाणकार संग्राहक नळीत डोकावण्याआधी ही जागा वाचतो.

ही रायफल महाराष्ट्राला नव्याने ओळख करून द्यावी अशी नाही. पोलीस ठाण्याच्या दारात, गणपतीच्या बंदोबस्तात, हवालदाराच्या खांद्यावर तीन पिढ्यांनी जी लांब, जड, लाकडी अंगाची बंदूक पाहिली, तीच ही ‘थ्री नॉट थ्री’. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या सीएसटी स्थानकात दहशतवाद्यांच्या स्वयंचलित रायफलींपुढे आपल्या पोलिसांच्या हातात हीच होती, आणि त्यानंतर तिचं नाव निघालं ते संतापानेच. २६ जानेवारी २०२० रोजी उत्तर प्रदेश पोलिसांनी प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात तिला निरोप दिला. शस्त्र म्हणून तिचे दिवस सरले ते योग्यच झालं. वस्तू म्हणून मात्र ती आता कुठे नीट वाचली जाऊ लागली आहे.

स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या आणि कॅनडात वाढलेल्या जेम्स पॅरिस ली या कारागिराने बोल्ट आणि पेटीसारखं मॅगझिन तयार केलं. लंडनच्या उत्तरेला असलेल्या एनफिल्डच्या सरकारी कारखान्याने त्याला आपली नळी दिली. १८९५ साली ली-एनफिल्ड हे जोडनाव रूढ झालं. नळीचा व्यास ०.३०३ इंच, मॅगझिनमध्ये १० काडतुसं. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका आणि भारत इथे मिळून दीड कोटीहून अधिक ली-एनफिल्ड बनल्या. इतकी मुबलक वस्तू दुर्मीळ कशी ठरते, हा नवख्या माणसाचा पहिला प्रश्न असतो. त्याचं उत्तर त्या छोट्या चांदणीपासून सुरू होतं.

१९०७ च्या तिसऱ्या नमुन्यात दोन जादा अवयव होते. एक म्हणजे मॅगझिनवर सरकणारी पोलादी पट्टी. ती आत ढकलली की मॅगझिनमधला साठा राखीव राहायचा आणि शिपाई एकेक काडतूस हाताने भरायचा. दुसरा म्हणजे डाव्या अंगावरची लांब पल्ल्याची माशी, २८०० यार्डांपर्यंत एकगठ्ठा मारा करण्यासाठी. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत दोन्हींचा उपयोग उरला नाही आणि कारखान्यांना तर लाखोंनी बंदुका हव्या होत्या. म्हणून हे भाग गाळले गेले, आणि गाळल्याची खूण म्हणून नमुन्याच्या आकड्यापुढे चांदणी आली. जुन्या बंदुका दुरुस्तीला आल्या की त्यांचेही हे भाग बहुधा काढून टाकत. त्यामुळे युद्धाआधीची, चांदणी नसलेली, पट्टी आणि माशी जागेवर असलेली रायफल आज हाती लागली, तर संग्राहक तिच्यासाठी साध्या युद्धकालीन बंदुकीच्या कितीतरी पट मोजतो. मारा दोघींचा सारखाच, पण एकीच्या अंगावर तिचं पूर्ण बालपण शिल्लक आहे.

दुसरी कसोटी क्रमांकांची. कारखान्यातून बाहेर पडताना मुख्य सांगाड्यावर जो क्रमांक ठोकला जाई, तोच नळीवर, बोल्टच्या मुठीवर, मागच्या माशीच्या पट्टीवर, पुढच्या टोपीवर आणि पुढच्या लाकडावरही ठोकलेला असे. सहाही ठिकाणी एकच आकडा मिळाला तर ते कुटुंब फुटलेलं नाही. शस्त्रागारात शंभर बोल्ट एका टोपलीत तेलात पडले आणि घाईत कुणाचा कुणाला बसला, की किंमत तिथेच घसरते. बाजारात आकडे खरवडून नवे ठोकणारेही आहेत. भिंगाखाली खरवडलेल्या जागेचं पोलाद किंचित खोल आणि चकचकीत दिसतं.

आणि इथेच सगळ्यात वाईट शत्रू येतो, तो म्हणजे हौशी हात. घरात जुनी बंदूक सापडली की पहिल्याच रविवारी सँडपेपर आणि पॉलिश बाहेर निघतं. आपल्याकडे पितळेच्या समईला चिंचेने घासून लखलखीत करणं ही माया असते, पण तीच माया बंदुकीचा जीव घेते. जवसाच्या तेलात मुरलेलं काळसर लाकूड, हाताच्या घामाने मूठभर जागी गुळगुळीत झालेला दस्ता, नळीवरचा मूळ निळा-काळा थर हे एकदा गेलं की जगातला कोणताही कारागीर परत आणू शकत नाही. बफिंगच्या चाकाखाली शिक्क्यांच्या कडा गोल होतात, आणि गोल कडांचा शिक्का हे जाणकारासाठी वाईट बातमीचं पहिलं अक्षर. साधं तेल आणि मऊ फडकं एवढंच पुरे. गंज वाढू न देणं हे जतन, आणि गंजाबरोबर इतिहास घासून टाकणं ही हानी.

दस्त्याच्या उजव्या बाजूला पूर्वी रुपयाएवढी पितळी चकती असे. तिच्यावर पलटणीचं संक्षिप्त नाव आणि त्या पलटणीतला बंदुकीचा क्रमांक. १९१६ मध्ये काटकसरीत हीही गेली, काही ठिकाणी नुसता खळगा उरला. ज्या बंदुकीवर चकती टिकून आहे ती एका विशिष्ट तुकडीची ठरते. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातल्या कूतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या फौजेला शरण जावं लागलं. अशा एखाद्या पलटणीची चकती असलेलं शस्त्र समोर आलं, तर त्यापुढे बाजारभाव थोडा वेळ गप्प बसावा, असं मराठी माणसाला वाटलं तर नवल नाही.

चकती म्हणजे पलटणीची खूण, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे माणसाची खूण. लंडनच्या इम्पिरियल वॉर म्युझियममध्ये एक ली-एनफिल्ड आहे. गॅलिपोलीच्या मोहिमेत ती तुर्कांच्या हाती पडली. तुर्की युद्धमंत्री एन्वर पाशाने तिच्यावर ही दार्दानेल्सच्या लढायांतली लूट असल्याचं सोन्याच्या अक्षरांत कोरून घेतलं आणि ती अरबांच्या अमीर फैसलला भेट दिली. फैसलने ती टी. ई. लॉरेन्सला, म्हणजे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ला दिली. लॉरेन्सने दस्त्यावर आपली आद्याक्षरं, तारीख आणि खाचा कोरल्या, आणि युद्धानंतर ती पंचम जॉर्जला नजर केली. एका साध्या शिपायाची बंदूक चार हातांतून गेली, आणि त्यातल्या दोघांनी तिच्यावर आपली खूण ठेवली. एरवी संग्राहक दस्त्यावरच्या ओरखड्याला नावं ठेवतो, पण इथला ओरखडाच मोलाचा. फरक एवढाच, की तो कुणी आणि कधी केला याचा पुरावा आहे.

पुराव्याचं मोल किती, तर लाफायेतने १७७८ साली जॉर्ज वॉशिंग्टनला दिलेली पिस्तुलांची जोडी २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टीजच्या लिलावात सुमारे २० लाख डॉलरला गेली. पुढे ती अँड्र्यू जॅक्सनकडे पोचली होती, आणि हातोहात झालेला हा प्रवास नोंदींनी बांधलेला होता. तशीच पिस्तुलं नोंदींशिवाय आली असती तर केवळ सुंदर जुनी वस्तू ठरली असती.

जिथे किंमत, तिथे नक्कल. वायव्य सरहद्दीवर, पेशावरजवळच्या दर्रा आदमखेलात लोहारांनी हाताने ली-एनफिल्ड आणि त्याआधीच्या मार्टिनी-हेन्री घडवल्या. त्यांना इंग्रजी वाचता येत नसे, म्हणून शिक्का ते चित्रासारखा उतरवत. परिणामी ‘एनफिल्ड’मधलं इंग्रजी ‘एन’ उलटं बसतं, मुकुट फुगलेल्या पावासारखा दिसतो, आणि ‘व्ही. आर.’ म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या खुणेखाली १९०१ नंतरचं साल येतं. राणी जानेवारी १९०१ मध्येच वारली होती. २००१ नंतर अफगाणिस्तानात गेलेल्या अनेक सैनिकांनी अशा बंदुका बाजारातून अस्सल समजून घेतल्या आणि घरी नेल्यावर जाणकारांनी त्यांचं हे ‘एन’ दाखवलं. तरीही त्या लोहारांच्या कानशीचं आणि नजरेचं कौतुक वाटतंच.

अमेरिकेतल्या नकलांची तऱ्हा वेगळी. १९४१ मध्ये तिथल्या सरकारने सिंगर या शिलाई यंत्रांच्या कंपनीकडून लष्करी पिस्तुलाचे फक्त ५०० नग करून घेतले. दुसऱ्या महायुद्धात तेच पिस्तूल इतर कारखान्यांनी लाखोंनी काढलं. सिंगरचं नाव असलेल्या पिस्तुलाला संग्राहक वाटेल ती किंमत देतात, म्हणून साध्या पिस्तुलावर सिंगरचं नाव ठोकणारे दर पिढीत निपजतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातली गोदामं रायफलींनी ओसंडत होती. १९५३ मध्ये सॅम्युअल कमिंग्ज या अमेरिकनाने शिल्लक शस्त्रांच्या खरेदीविक्रीची कंपनी काढली, आणि व्हर्जिनियातल्या पोटोमॅक नदीकाठच्या गोदामांत या बंदुकांचे ढीग रचले. टपालाने मागवलेली एनफिल्ड काही डॉलरमध्ये दारात येई. स्वस्त म्हणून लोकांनी त्यांचं पुढचं लाकूड करवतीने कापलं, नळ्या आखूड केल्या, शिकारीला सोयीच्या बनवल्या. त्या कापलेल्या लाखो बंदुकांनीच उरलेल्या अखंड बंदुकांना भाव आणला. १९६३ मध्ये केनेडींच्या हत्येत टपालाने मागवलेलीच इटालियन लष्करी रायफल वापरली गेली, आणि १९६८ च्या कायद्याने टपालाचा हा मुक्त बाजार बंद केला.

त्या प्रवाहात पुढे इशापूरही मिसळलं. कोलकात्याच्या उत्तरेला हुगळीकाठी असलेल्या या कारखान्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ली-एनफिल्ड बनत होत्या. १९६२ च्या चीन युद्धानंतर त्याच आराखड्यावर ७.६२ मिलिमीटरची नवी रायफल काढली, ‘२ए’. तिच्यात अधिक मजबूत पोलाद आणि १२ काडतुसांचं चौकोनी मॅगझिन होतं. ती जुन्या थ्री नॉट थ्रीची डागडुजी आहे असा समज परदेशात फार पसरला. खरं तर ती पूर्ण नवी घडण. पुढे त्या मोठ्या संख्येने अमेरिकेत विकल्या गेल्या, आणि ‘आर. एफ. आय.’ (रायफल फॅक्टरी इशापूर) हा शिक्का वाचायला आज अमेरिकन संग्राहक शिकतात. मॅगझिनच्या पुढे लाकडाला आडवा दिलेला मोठा स्क्रू दिसला, की बंदूक भारतीय कार्यशाळेतून गेलेली आहे हेही ते ओळखतात. तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी थ्री नॉट थ्रीची नळी गुळगुळीत करून, मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा ठोकून केलेली एकेरी ०.४१० बंदूकही इशापूरचीच. पहारेकऱ्याच्या हातातही पूर्ण रायफल न देण्याचा साम्राज्याचा संशय त्या ठोकळ्यात दिसतो. आणि ‘के. एफ.’ असा ठसा असलेलं रिकामं काडतूस अमेरिकेत विकत घेणाऱ्याच्या हाती येतो तो आपल्या खडकीच्या कारखान्याचा पितळी तुकडा.

सगळ्यात मोठं घबाड मात्र नेपाळात निघालं. काठमांडूच्या लगन सिलेखान्यात राणांच्या काळापासून साठवलेल्या पन्नास हजारांहून अधिक जुन्या बंदुका २००३ मध्ये दोन अमेरिकन कंपन्यांनी विकत घेतल्या. त्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातल्या चकमकीच्या बंदुका होत्या, १८५३ च्या नमुन्याच्या एनफिल्ड होत्या, आणि राणा घराण्यातल्या गेहेंद्र शमशेर यांनी स्वतः आखलेली गेहेंद्र रायफलही. तोवर परदेशी ग्रंथांत जेमतेम उल्लेख असलेली ही नेपाळी बंदूक एकाएकी शेकड्यांनी बाजारात आली. दुर्मीळतेचे जुने हिशोब एका खरेदीने मोडले. उपखंडाचा एवढा ऐवज परदेशी गोदामात गेला याचं दुःख वाटतं, पण तो वितळवला गेला नाही हेही तितकंच खरं.

भारतात खासगी संग्रहाला वाव फारच थोडा. थ्री नॉट थ्री हा निषिद्ध बोअर, सामान्य नागरिकाला त्याचा परवाना मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्यावरच्या बंदुकांची मर्यादाही तीनवरून दोनवर आली. जुनाट, पुराणवस्तू ठरलेलं किंवा नादुरुस्त, आणि दुरुस्त करूनही चालणार नाही असं शस्त्र १९५९ च्या शस्त्र अधिनियमातून वगळलेलं आहे, पण ते तसं आहे की नाही हे घरमालकाने ठरवायचं नसतं. म्हणून वाड्याच्या माळ्यावर ठासणीची बंदूक निघाली, तर पहिली गोष्ट तिला भरलेली समजणं. अशा कितीतरी बंदुका शंभर वर्षं भरलेल्याच राहिल्या आहेत, आणि कोरडी दारू शंभर वर्षांनीही पेटते. नळी रिकाम्या दिशेला धरून, तोंडासमोर न येता, आत एक पातळ लाकडी काठी सोडावी. ती अडली की नळीच्या तोंडाशी काठीवर खूण करून, ती खूण तोंडाशी ठेवून काठी नळीच्या बाहेरून लावून पाहावी. टोक बत्तीच्या कानापर्यंत पोचलं नाही, तर आत काहीतरी आहे. मग तिला हात न लावता पोलिसांना बोलवावं. त्यानंतर जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा पोलीस आयुक्तालयात रीतसर नोंद. घासायचं काहीही नाही. शिक्क्यांचे फोटो आडव्या उजेडात काढावेत, आणि ती बंदूक घरात कुणी, कुठून, कोणत्या साली आणली, हे घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाला विचारून लिहून घ्यावं. खाली त्याची सही आणि तारीख घ्यावी.