पाइप शाबूत, रिंग शाबूत, तरी जॉइंट का निसटतो?

दोन वर्षांपूर्वी आमच्या शेतातली नवी पीव्हीसी लाइन पहिल्याच आठवड्यात सुटली. पाइप कुठेच फुटला नव्हता, रबरी रिंगही चांगली होती. बांधाजवळचा काटकोनी बेंड तेवढा सॉकेटमधून बाहेर आलेला, आणि पाणी शेजारच्या काकांच्या हरभऱ्यात. बाबा म्हणाले, "माल हलका लागला." मीही मान डोलावली. नंतर आकडेमोड केली तेव्हा कळलं, माल बिचारा निर्दोष होता.

रिंग-फिट जॉइंटमधली रिंग पाणी अडवते, पाइप धरून ठेवत नाही. सरळ लाइनीत हे चालतं, कारण दोन्हीकडचा दाब समोरासमोर येतो. बेंडवर तो समोरासमोर येत नाही, त्यामुळे बेंड बाहेरच्या बाजूला ढकलला जातो. किती जोराने? ११० मिमी पाइपचं तोंड साधारण ९५ चौरस सेंटिमीटर. दाब ४ किलोचा धरला तर एका बाजूचा रेटा ३८० किलो, आणि काटकोनात त्याच्या १.४१ पट, म्हणजे सुमारे ५३५ किलो. एक धष्टपुष्ट बैल सतत रेलून उभा आहे असं समजा!

अनेकांना वाटतं की हा धक्का पाण्याच्या वेगाचा. पण सेकंदाला दीड मीटर वेगाने पाणी वळलं तरी तो वाटा जेमतेम ३ किलो. व्हॉल्व्ह बंद असताना, पाणी स्थिर असतानाही बैल तिथेच असतो.

त्यात लाइट गेली की पंप थांबतो, चढावरचं पाणी उलटं फिरतं आणि रिफ्लक्स व्हॉल्व्हवर आदळतं. सेकंदाला १ मीटरचा वेग असा झटक्यात थांबला तर पीव्हीसीत दाब आणखी ३-४ किलोने वाढतो. म्हणजे बैल जवळपास दुप्पट. आमच्याकडे लाइट दिवसातून किती वेळा जाते ते विचारूच नका.

मग सगळे जॉइंट सोल्युशनने चिकटवायचे का? ते ओढ सहन करतात, पण ६ मीटरचा पाइप २० अंशांच्या फरकाने सुमारे ७ मिमी लांब-आखूड होतो. रिंग-फिटमध्ये ही हालचाल सामावते. म्हणूनच पाइप सॉकेटच्या तळापर्यंत ठोकायचा नसतो, खुणेपर्यंतच सरकवायचा.

आम्ही शेवटी बेंडच्या बाहेरच्या अंगाला काँक्रीटचा थ्रस्ट ब्लॉक घातला. तो न खणलेल्या घट्ट मातीला टेकवला, कारण भरावाची माती दबते आणि ब्लॉकसकट बेंड सरकतो. जॉइंट मात्र काँक्रीटबाहेर मोकळे ठेवले. आणि काँक्रीट पुरतं मुरेपर्यंत पंप सुरू केला नाही. बाबांना थोपवणं हेच त्यातलं सगळ्यात अवघड काम होतं.