आधी भोकं बुजवा

लेखमाला ‘थंडीतलं घर’ : भाग ५

मागच्या भागात भिंतीत भरायच्या ग्लासवूलची जाडी पाहिली. पण नुसती जाडी वाढवून घर ऊबदार होत नाही. ज्यांनी हे आकड्यांनिशी दाखवून दिलं त्यांत कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातले अभियंते होते. तेव्हा आज मुक्काम रेजायना शहरी.

नजर जाईल तिथवर सपाट गव्हाचा मुलूख. जानेवारीत पारा उणे ३० अंशांवर गेला तरी कुणाला त्याचं अप्रूप नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर प्रांताच्या सरकारने तिथल्या संशोधन परिषदेला सांगितलं, आपल्या हवेला मानवेल असं सौर घर बांधा. हॅरॉल्ड ऑर, रॉब ड्युमाँट, रॉबर्ट बेझंट ही मंडळी हिशेबाला बसली आणि गणित भलतंच निघालं. डिसेंबरात तिथे दिवस जेमतेम आठ तासांचा. ऊब सर्वांत जास्त हवी तेव्हाच ऊन सर्वांत कमी. मग ऊब मिळवण्याच्या मागे लागण्यापेक्षा आहे ती बाहेर का जाते तेच का बघू नये?

१९७७ साली ‘सस्कॅचेवान कॉन्झर्व्हेशन हाऊस’ उभं राहिलं. फूटभर जाडीच्या भिंती, छतावर त्याहून जाड थर, आणि घर तापवायची नेहमीची भट्टी नाहीच. सरकारने सौर घर मागितलं होतं म्हणून सौर नळ्या बसवल्या. त्या महाग आणि कटकटीच्या ठरल्या, पुढे काढून टाकल्या. घराचं काही अडलं नाही. माझ्या मते या घराची खरी कमाई वेगळीच आहे. भिंतींच्या आतल्या बाजूने सलग पॉलिथीन लावून त्याचा प्रत्येक सांधा हवाबंद केला होता. जाड भिंतीची तारीफ सगळे करतात, या कागदाची कुणी करत नाही.

आता हवा जाते कशी ते बघू. २० अंशांच्या घनमीटरभर हवेचं वजन साधारण १.२ किलो, उणे ३० अंशांच्या हवेचं १.४५ किलो. म्हणजे हिवाळ्यात आतली हवा बाहेरच्यापेक्षा हलकी असते आणि अख्खं घर धुराड्यासारखं वागतं: माळ्याच्या फटींतून गरम हवा वर निसटते, तळघराच्या फटींतून थंड हवा आत ओढली जाते. वारा नसला तरी हे चोवीस तास चालू. समजा घर ५०० घनमीटरचं आहे आणि दर दोन तासांनी त्यातली हवा पूर्ण बदलते. आत-बाहेर ५० अंशांचा फरक असेल, तर ही आलेली हवा तापवायलाच चार किलोवॅटहून थोडी जास्त शक्ती लागते. आपल्याकडचे दोन मोठे गीझर रात्रंदिवस चालू ठेवल्यासारखा हा खर्च, आणि भिंतींतून जाणारी ऊब यात धरलेलीच नाही.

गळती मोजायला दारात मोठा पंखा घट्ट बसवतात आणि तो आतली हवा बाहेर फेकतो. आत-बाहेर ५० पास्कलचा फरक पडला, की तासाला हवा किती वेळा बदलते ते वाचायचं. हा दाब म्हणजे ताशी तीसेक किलोमीटरचा वारा चहूबाजूंनी घरावर आदळावा, एवढा. रेजायनाच्या घराचा आकडा एकच्या आत होता.

पंखा चालू असताना खरी मजा उदबत्तीची. कॅलगरी-एडमंटनकडच्या मराठी घरांत ती असतेच. पेटवून भिंतीकडेने हळूहळू फिरवा. खिडकीपाशी धूर थोडा हलतो; पण बाहेरच्या भिंतीतल्या विजेच्या सॉकेटपाशी तो एकदम आडवा होतो. तळघराच्या काँक्रीटवर लाकडी सांगाडा जिथे टेकतो त्या सांध्यावर तर धुराची रेघ पार मोडते. माळ्यावर जायची झडप आणि छतातून वर जाणारे पाइप हेही ठरलेले गुन्हेगार, एरवी तिथून हवा वर निसटते, पण पंखा चालू असताना ती उलटी आत येते, म्हणून धूर खाली ढकलला जातो. लोक मात्र आधी खिडक्या बदलतात, कारण त्या डोळ्यांना दिसतात. सीलंटच्या नळ्या आणि फोमचा डबा यांत जे काम होतं, त्यासाठी हजारो डॉलर खिडक्यांवर घालणं मला पटत नाही.

ऑर आणि ड्युमाँट यांनी १९८२ मध्ये सस्कॅटूनला एका जुन्या बंगल्यावर याचा कळस केला. छपराच्या पुढे आलेल्या वळचणी चेनसॉने चक्क कापून काढल्या, सगळं घर पॉलिथीनमध्ये गुंडाळलं आणि वरून उष्णतारोधक थर चढवला. चाचणीचा आकडा २.९५ वरून ०.२९ वर आला.

घर इतकं घट्ट केल्यावर श्वास कुठून घ्यायचा, हा प्रश्न रास्तच आहे. स्वयंपाकाची आणि आंघोळीची वाफ आतच राहिली तर काचांवर पाणी आणि कोपऱ्यांत बुरशी ठरलेली. त्यासाठी रेजायनाच्या घरात उष्णता परत मिळवणारं यंत्र बसवलं होतं. बाहेर जाणारी शिळी हवा आणि आत येणारी ताजी हवा पातळ पडद्यांच्या दोन बाजूंनी वाहते. हवा मिसळत नाही, ऊब मात्र पलीकडे जाते. कडाक्याच्या थंडीत शिळ्या हवेतली वाफ आतच गोठते, म्हणून यंत्राला अधूनमधून बर्फ वितळवायची सोय लागते.

सीलंट घेऊन कामाला लागण्याआधी एक तपासणी चुकवू नका. गॅसवर चालणारी भट्टी किंवा पाण्याचा बंब खोलीतली हवा घेत असेल आणि स्वयंपाकघराचा पंखा जोरात ओढत असेल, तर धुराड्यातला धूर उलटा घरात येऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. तेव्हा आधी जाणकाराकडून भट्टीची तपासणी आणि झोपायच्या खोल्यांजवळ गजर लावणारं यंत्र. फोमचा डबा त्यानंतर.

(पुढील भागात : तळघराच्या भिंती आणि ओल)