मृगाचे हरवलेले मस्तक

फेब्रुवारीत रात्री आठच्या सुमारास मृग नक्षत्र भिवंडीकरांच्या जवळजवळ डोक्यावर असते. चार कोपऱ्यांवरचे चार ठळक तारे म्हणजे हरणाचे पाय. त्यांतील काक्षी तांबूस, तर राजन्य निळसर पांढरा. मधोमध एका ओळीत तीन तारे, तो व्याधाचा बाण. हे झाले सात. परंतु ज्यावरून मृगशीर्ष हे नाव पडले ते मस्तक कोठे आहे? उत्तरेकडील दोन पायांच्या जरा पलीकडे तीन मंद तारे दाटीने आहेत, तेच ते. त्यांपैकी दोन चौथ्या प्रतीचे आहेत, आणि शहरी उजेडात आधी लोपतात ते असेच तारे. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली ‘ओरायन’मध्ये वेदकालनिर्णयासाठी ज्या नक्षत्राचा आधार घेतला, त्याचे शीरच आता शोधावे लागते.

२००६ पासून जगभरचे हौशी निरीक्षक मृगादी तारकासमूहांत किती मंद तारे दिसतात याची नोंद करीत आहेत. २०११ ते २०२२ मधील अशा ५१ हजारांवर नोंदींवरून रात्रीचे आकाश दरवर्षी सरासरी साडेनऊ टक्क्यांहून अधिक वेगाने उजळत असल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले. नोंदी मुख्यतः युरोप-अमेरिकेतील आहेत, हे ध्यानात ठेवलेले बरे. जन्मवेळी अडीचशे तारे दिसणाऱ्या मुलाला अठराव्या वर्षी जेमतेम शंभर दिसतील, असा त्याचा अर्थ.

यंत्रमागाच्या गावाने उजेडाला दोष द्यावा, असे कोणी म्हणणार नाही. वीज गेली की माग थांबतो आणि मागावरच्या कामगाराची मजुरीही थांबते. २००७ साली वीजवितरण खाजगी कंपनीकडे जाण्यापूर्वी भारनियमन सोसलेल्या गावाला अंधाराचे कौतुक कोठून असणार? पण मागावर पडणारा उजेड निराळा आणि दिव्यातून आभाळाकडे निसटणारा निराळा. दुसऱ्याने कापड विणले जात नाही. त्याचे बिल मात्र भरावे लागते. अर्थशास्त्राच्या भाषेत काळोखे आकाश ही सार्वजनिक वस्तू होय. ती कोणी विकत नाही, म्हणून तिची घट कोणत्याही ताळेबंदात येत नाही.

२०२४ साली महाराष्ट्रातील पेंच व्याघ्रप्रकल्पाला काळोख्या आकाशाचे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले. उत्तमच झाले, पण पाळीवरून सुटलेला कामगार तारे पाहण्यास पेंचला जाणार नाही. रस्त्यावरील व गोदामांच्या आवारांतील दिव्यांना वरून झाकण बसविणे, त्यांचा झोत जमिनीकडे वळविणे, एवढे नगरपालिकांना व गोदाममालकांना अशक्य नाही. तोवर येथील महाविद्यालयांनी दर फेब्रुवारीच्या अमावास्येला गच्चीवरून मृगाचे तारे मोजून आकडा वहीत लिहून ठेवावा. दुर्बीण लागत नाही. डोळे अंधाराला सरावण्यास वीस मिनिटे मात्र द्यावी लागतात.