दूरच्या वाटेची बैठक

आश्विन सरत आला, पावसाने सह्याद्रीच्या माथ्यावरून काढता पाय घेतला आणि घाटरस्ते धुऊन निघून लख्ख दिसू लागले, की पुण्यातील मोटारसायकलस्वारांच्या मनात कोकण, कोल्हापूर, गोवा, फार काय कच्छच्या रणापर्यंतचे मुलूख घोळू लागतात, आणि नाना पेठेतील सुट्या भागांच्या दुकानांतून काचा, कॅरिअर, पेट्या, हातमोजे व सीटची कव्हरे यांची विचारपूस वाढू लागते. ही खरेदी बहुधा हौसेपोटी होते आणि हौसेत वावगे असे काहीच नाही; परंतु लांब पल्ल्याच्या प्रवासातील आराम ही बाब चैनीच्या खात्यात टाकून चालणार नाही, ती सुरक्षिततेच्या खात्यातील आहे. दिवसाचे सात-आठ तास गाडीवर बसलेल्या माणसाचा कणा दुखू लागला, बोटे बधिर झाली, की सर्वप्रथम ढळते ते त्याचे अवधान. वळणावरची वाळू किंवा आडवे येणारे जनावर त्याला अर्ध्या सेकंदाने उशिरा दिसते, आणि ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २५ मीटर अंतर तोडीत असल्यामुळे त्या अर्ध्या सेकंदाची किंमत साडेबारा मीटर होते. म्हणून गाडीवर काय काय बसवले याच्या मोजदादीत न पडता, आपले शरीर आणि आपले यंत्र यांचा मेळ कोठे बसतो व कोठे बिघडतो याचा शोध घेणे, हेच या विषयातील खरे कौशल्य होय.

पुणे शहराने दुचाकी केवळ वापरली नाही, ती घडवलीही. आकुर्डीच्या बजाज कारखान्यातून १९६० नंतरच्या दशकात इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या परवान्याखाली स्कूटर बाहेर पडू लागल्या; तो करार संपल्यावर १९७२ साली 'चेतक' आली, आणि त्याच वर्षी पुण्याच्याच किनेटिक इंजिनिअरिंगची 'लूना' रस्त्यावर धावू लागली. नंबर लागण्यासाठी वर्षानुवर्षे थांबलेल्या मध्यमवर्गीय कुटुंबांनी, स्कूटर दारात आली की, पुढे धाकट्या मुलासाठी छोटे आसन, मागे कॅरिअर, कडेला लोखंडी गार्ड आणि स्टेपनीला कव्हर अशी एकेक सोय तिला जोडून घेतली. दुचाकी आपल्या गरजेप्रमाणे सजवून घेण्याची वहिवाट या शहरात इतकी जुनी आहे. वाहनांची चाचणी घेऊन त्यांना प्रमाणपत्र देणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्थाही १९६६ पासून पुण्यातच, कोथरूडजवळच्या टेकडीवर आहे. अशा शहरातील एका कारखानदाराने प्रवासी सोयींचा हा विषय पेठेतील कारागिराच्या हातून स्वतःच्या हाती घेतला, हेही क्रमप्राप्तच म्हटले पाहिजे. बजाजची 'डॉमिनार ४००' ही ३७३ घनसेंटिमीटर इंजिनाची गाडी डिसेंबर २०१६ मध्ये बाजारात आली, आणि ऑक्टोबर २०२१ पासून ती उंच काच, हातांपुढील गार्ड, इंजिनाखालील संरक्षक पत्रा, लेग गार्ड, पाठटेक असलेले कॅरिअर, मोबाइल लावण्याची दांडी आणि चार्जिंगचे सॉकेट इतक्या वस्तू कारखान्यातच बसवून विकली जाऊ लागली. जी जोडणी पूर्वी मालकाच्या हिकमतीवर सोपवलेली असे, ती आता वाहनाच्या मूळ रचनेचाच भाग मानली जाऊ लागली, याचा हा ठळक दाखला होय.

तथापि कारखाना गाडी बांधतो ती सरासरी उंचीच्या माणसासाठी, आणि प्रत्यक्षात गाडीवर बसतो तो एक विशिष्ट उंचीचा, विशिष्ट वयाचा, कदाचित मानदुखीची जुनी तक्रार असलेला माणूस. त्याचे शरीर गाडीला तीन ठिकाणी टेकते: सीटवर, हँडलवर आणि फूटरेस्टवर. या तीन बिंदूंचा जो त्रिकोण होतो, त्यावर गुडघ्याचा बाक, कमरेचा कल आणि मनगटावरचा भार ठरतो. आणि त्यातील एक बिंदू हलवला की उरलेल्या दोहोंचा हिशेब आपोआप बदलतो. सीट दोन बोटे उंच केली तर गुडघ्यांना मोकळीक मिळते, पण जमिनीवर पाय टेकताना टाचा अधांतरी राहतात आणि हँडल तितकेच खाली गेल्यासारखे होते. यास्तव पहिली शिफारस अशी, की बाजारात पाऊल ठेवण्यापूर्वी जे फेरफार पैशावाचून होतात ते करून पाहावेत. हँडलचे क्लॅम्प सैल करून ते किंचित पुढे-मागे फिरवता येते. ब्रेक आणि क्लचच्या लिव्हरचा कोन असा लावता येतो की कोपरापासून बोटांपर्यंत हात एका सरळ रेषेत राहील. गिअरचा पेडल बुटाच्या जाडीप्रमाणे वर-खाली करता येतो. मागच्या शॉक ॲब्सॉर्बरचा ताण वजनाप्रमाणे बदलता येतो. टायरमधील हवा आणि साखळीचा ढिलेपणा कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात आणला, की जी थरथर आपण इंजिनाच्या माथी मारत होतो तिच्यातील बराच अंश नाहीसा होतो, असा पुष्कळांचा अनुभव आहे.

एवढे करूनही त्रास उरला, तर बहुतेकांच्या बाबतीत तो बैठकीचा असतो, आणि येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. दुकानात बोटाने दाबून मऊ लागणारी सीट सुखद असेलच असे नव्हे. बसलेल्या माणसाचा भार मुख्यतः बैठकीच्या दोन हाडांवर येतो. फोम फार मऊ असला की तो तासाभरात दबून बसतो, हाडे खालच्या कठीण तळापर्यंत पोहोचतात, तेथील मांसपेशींचा रक्तपुरवठा आवळला जातो आणि मग स्वार दर पाच मिनिटांनी कूस बदलू लागतो. भार विस्तृत पृष्ठभागावर पसरवणे हेच चांगल्या सीटचे कार्य असल्यामुळे, हाडांच्या खाली घट्ट, अधिक घनतेचा फोम आणि त्यावर मऊ थर, अशी रचना दीर्घकाळ टिकते.

हे काम जाणता कारागीर कसे करतो ते पाहण्यासारखे असते. तो आधी गिऱ्हाइकाला गाडीवर नेहमीच्या पोशाखात बसवतो, ते कोठे बसते व कोठे घसरते ते न्याहाळून खडूने खुणा करतो, मग सीट उतरवून कव्हराच्या पिना पक्कडीने एकेक उपटतो. उघड्या पडलेल्या फोमचा पुढचा अरुंद भाग तो धारदार सुरीने दोन्ही अंगांनी तिरका तासतो, म्हणजे मांड्या जवळ येऊन पाय जमिनीला सहज टेकतात. बैठकीच्या जागी खाच घेऊन त्यात घट्ट फोमचा तुकडा चिकटवतो आणि सांधा हाताला लागेनासा होईपर्यंत ग्राइंडरने घासतो. रेक्झिन ओढण्यापूर्वी तो प्लॅस्टिकचा कागद पसरतो, कारण शिलाईच्या छिद्रांतून शिरलेले पाणी फोमने एकदा प्यायले की ती सीट कित्येक दिवस वाळत नाही. हे सर्व झाल्यावर गिऱ्हाइकाने पुन्हा बसून पाहणे आणि कारागिराने पुन्हा तासणे, या खटाटोपाला कंटाळता कामा नये. ज्यांना मूळ सीटला हात लावायचा नाही, त्यांच्यासाठी जाळीची कव्हरे आहेत, ज्यांच्यामुळे खालून वारा खेळतो आणि घाम साचत नाही. शिवाय हवेच्या परस्परांशी जोडलेल्या कप्प्यांची गादीही मिळते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना शय्याव्रण होऊ नयेत म्हणून वापरण्यात येणाऱ्या गाद्यांचेच तत्त्व तिच्यात आहे, आणि म्हणूनच ती टणक फुगवण्यात अर्थ नसतो: शरीर सीटपासून जेमतेम बोटभर अधांतरी राहील इतकीच हवा तिच्यात ठेवावी.

बैठकीनंतर हातांचा क्रम येतो. उंच माणसाला हँडलवर ओणवे व्हावे लागत असेल तर हँडलखाली दोन-तीन सेंटिमीटर उंचीचे रायझर बसवतात. काम दिसायला सोपे आहे, परंतु हँडल उंचावले की क्लच व ॲक्सिलरेटरच्या केबली, पुढच्या ब्रेकची नळी आणि वायरींचा जुडगा यांना तेवढीच जादा लांबी लागते. म्हणून रायझर बसवल्यावर गाडी मेन स्टँडवर घ्यावी, इंजिन मंद गतीवर चालू ठेवावे आणि हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश वळवावे. कोठेही इंजिनाचा आवाज चढला, तर ॲक्सिलरेटरची केबल ओढली जात आहे असे समजून ते काम तसेच परत करावे, कारण घाटातील अरुंद वळणावर तोच दोष जिवावर बेतू शकतो. हातांना मुंग्या येण्याचे कारण मात्र नेहमीच हँडलची उंची नसते. एका सिलिंडरच्या इंजिनाची कंपने हँडलच्या पोकळ नळीतून बोटांपर्यंत पोहोचतात. टोकांना वजने बसवली की नळीची कंपनवारंवारता बदलते आणि ही पीडा सौम्य होते. मऊ ग्रिपनेही गुण येतो, परंतु ग्रिप जाड झाली की लहान हाताच्या माणसाला ती अधिक आवळून धरावी लागते आणि उपाय अपायाच्या पंक्तीला जाऊन बसतो.

तिसरा विषय वाऱ्याचा. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० वरून ९० किलोमीटरवर जाताना वेग दीडपट होतो, पण छातीवरचा दाब सव्वादोनपट. हा दाब मान व दंड दिवसभर सोसत राहतात, म्हणून महामार्गावर उंच काच उपकारक ठरते. तिची निवड करताना एक नियम पाळावा: काचेतून न पाहता तिच्या वरच्या कडेवरून रस्ता दिसला पाहिजे, कारण पावसात किंवा रात्री समोरच्या दिव्यांच्या झोतात ओरखडलेली काच अपारदर्शक झाल्यासारखी होते. काच चुकीच्या उंचीची असली तर तिच्या कडेवरून उसळणारा खळबळीचा वारा नेमका हेल्मेटवर आदळतो आणि डोके हलत राहते. अशा वेळी पुष्कळदा आणखी उंच काचेपेक्षा थोडी आखूड काच किंवा तिचा बदललेला कोन अधिक लाभदायक ठरतो.

सामानाच्या बाबतीत गुरुत्वमध्याचे भान ठेवले म्हणजे निम्मे काम झाले. जड वस्तू खाली आणि शक्य तितक्या पुढे, दोन्ही बाजूंच्या पिशव्यांचे वजन समसमान, आणि मागच्या उंच पेटीत केवळ रेनकोट व कपड्यांसारखे हलके सामान, ही मांडणी सोडू नये. मागच्या चाकाच्या आसापलीकडे लटकणारे ओझे पुढचे चाक उचलू पाहते आणि वेगात गाडी लचकू लागते. ज्याच्या वाट्याला रस्ता दिसत नाही आणि हँडलही नाही, त्या मागे बसणाऱ्याचा विचार तर सर्वांत अधिक करावा. आपल्या आईला किंवा पत्नीला घेऊन निघणाऱ्याने पाठटेक, पकडायला भक्कम दांडी आणि रुंद फूटरेस्ट यांवर काचेआधी पैसा खर्चावा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १२३ प्रमाणे मागच्या आसनासाठी हातपकड, फूटरेस्ट आणि निम्मे मागचे चाक झाकणारे आवरण सक्तीचे आहे. आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो आणि गाडी देखणी दिसावी म्हणून कित्येक तरुण जे काढून टाकतात, ते हेच. ओढणी किंवा पदर चाकात जाऊ न देण्याची ही तजवीज काढून टाकण्याची मुभा कोणालाही नाही.

विजेच्या जोडण्यांविषयी थोडेच सांगणे पुरे आहे. चार्जिंगचे सॉकेट असो वा जादा दिवे, प्रत्येक जोडणीला स्वतंत्र फ्यूज हवा, दिव्यांना रिले हवा, आणि वायर इंजिनाच्या उष्ण भागापासून व हँडलच्या सांध्यापासून दूर बांधलेली हवी. शक्तिशाली मोटारसायकलींच्या कंपनांमुळे आयफोनच्या कॅमेऱ्यातील स्थिरीकरण यंत्रणा निकामी होऊ शकते, असा इशारा ॲपल कंपनीने २०२१ साली स्वतःच दिला असल्याने, मोबाइल लावण्यासाठी कंपने शोषणारा होल्डर घेणे शहाणपणाचे.

आता कायद्याविषयी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ अन्वये, कारखानदाराच्या मूळ विनिर्देशांशी विसंगत ठरेल असा फेरफार वाहनात करण्यास मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका कायम केली. सीटचा फोम किंवा उतरवता येणारी पिशवी यांचा गाडीच्या मूळ सांगाड्याशी संबंध येत नाही. परंतु सांगाडा कापणे, वेल्डिंग करून त्याला कॅरिअर जोडणे किंवा सायलेन्सर बदलणे हे निराळे, आणि अपघात झाल्यास विम्याचा दावा अशाच ठिकाणी अडतो. पेटीबाबत २०२० सालच्या दुरुस्तीने माप घालून दिले आहे: लांबी ५५० मिलिमीटर, रुंदी ५१० आणि उंची ५०० याहून अधिक नसावी, आणि ती मागच्या आसनाच्या जागी बसवली तर गाडीवर चालकाखेरीज दुसऱ्या माणसाला बसता येणार नाही.

सर्व जोडणी एकाच दिवशी उरकण्याचा मोह मात्र टाळावा. एका वेळी एकच वस्तू बसवून तिची परीक्षा घेतली, तरच कोणत्या बदलाने गुण आला व कोणत्याने अवगुण हे उमगते. पुणेकराला त्यासाठी साताऱ्याचा रस्ता उत्तम. स्वारगेटपासून कात्रजपर्यंतच्या रहदारीत हँडल आणि मनगट यांची परीक्षा होते, शिरवळच्या मोकळ्या रस्त्यावर काचेची, खंबाटकीच्या वळणांवर सामानाच्या समतोलाची, आणि साताऱ्याला उतरेपर्यंत बैठकीचीही. तेथे चहाच्या वेळी प्रत्येक नटबोल्टाला पान्याची ओळख करून द्यावी, कारण नवी जोडणी पहिल्या शंभर किलोमीटरांतच सैल पडते. मग दीड-दोन तासांनी उतरून चार पावले चालण्याचा आणि पाणी पिण्याचा शिरस्ता ठेवावा. त्याची जागा कोणतेही उपकरण घेऊ शकत नाही.

या सगळ्या खटपटीची कसोटी आरामाच्या पहिल्या तासावर लावू नये, कारण पहिल्या तासाला प्रत्येक गाडी सुखाचीच वाटते. ती मुक्कामाअलीकडच्या शेवटच्या वीस किलोमीटरांवर लावावी: सूर्य मावळतीला आलेला, रस्ता अनोळखी, आणि तरीही स्वाराची मान मोकळी, बोटे जिवंत आणि नजर सकाळइतकीच सावध असेल, तर ती जोडणी सार्थ झाली. तसे नसेल, तर नवी वस्तू विकत घेण्याआधी जुन्या जोडणीतील कोणता बिंदू चुकला आहे, हे पाना हातात घेऊन शोधावे.