शेततळं भरलं, पण कुणाच्या पाण्यानं?

हवामान बदल आणि ग्रामीण उपजीविका यावर संशोधन करायचा विचार असेल, तर 'अनुकूलन' हा शब्द तुमची पाठ सोडणार नाही. अर्थ साधा: पाऊस बदलला, तर पीक, पाणी, कामधंदा बदलून टिकून राहायचं. पण टिकलं कोण, हे विचारलं की गुंता सुरू होतो.

शेततळ्याचंच बघा. मूळ कल्पना अशी, की पावसाळ्यात वाहून जाणारं पाणी अडवायचं आणि पावसानं दडी मारली की पिकाला एखादं पाणी द्यायचं. महाराष्ट्रात 2016 साली 'मागेल त्याला शेततळे' योजनाही आली. पण द्राक्ष-डाळिंबाच्या दुष्काळी पट्ट्यात बरीच तळी प्लास्टिकचा कागद अंथरून विहिरी-बोअरच्या पाण्यानं भरली जातात. आपल्या बेसॉल्ट खडकात पाणी साठायला जागा मुळातच कमी, आणि जे साठतं ते सगळ्या शिवाराचं. ज्याच्याकडे बोअर आणि भांडवल, तो ते उपसून स्वतःच्या तळ्यात ठेवतो. त्यातलं काही उन्हानं उडून जातं, आणि शेजाऱ्याची विहीर लवकर आटते. एकाच्या उपायानं दुसऱ्याची जोखीम वाढली, की त्याला 'मॅलअॅडाप्टेशन' म्हणतात.

आता पद्धतीचा मुद्दा, कारण खरी मेख इथेच आहे. तळंवाल्या आणि बिनतळ्याच्या घरांच्या उत्पन्नाची तुलना केलीत, तर तळं जिंकणारच. एक तर ज्यांनी ते घेतलं त्यातले बरेच आधीपासूनच बरे असतात. शिवाय ज्यांची विहीर या उपशानं आटली, ते तुमच्या तुलना-गटातच बसलेले असतात! त्यांचं उत्पन्न घसरतं, फरक फुगतो, आणि नुकसान चक्क योजनेचा फायदा म्हणून तक्त्यात येतं. नमुना मोठा केल्यानं हे सुटत नाही. घराबरोबर पाणलोट हेही अभ्यासाचं एकक धरावं लागतं, आणि तळी कमी असलेला दुसरा पाणलोट तुलनेला घ्यावा लागतो.

हिवरे बाजारनं वाट वेगळी धरली. सिंचनासाठी बोअरवर बंदी, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद, आणि त्यावरून पिकं. तिथे उपाय घराचा नाही, गावाचा आहे.

प्रश्नावलीत 'शेततळं आहे का?' एवढंच विचारून थांबू नका. ते कशानं भरता, कोणत्या महिन्यात, आणि खालच्या अंगाच्या विहिरीला तेव्हा किती पाणी असतं, हेही विचारा. आणि शक्यतो मे महिन्यात जा. दिवाळीनंतर गेलात तर ऊसतोडीला गेलेल्यांच्या दारांना कुलपं असतील, आणि ज्यांचं ऐकायचं तेच नमुन्यातून गळतील.